स्लायडर काढा, भाव दाखवा

मार्च उजाडला की कोकणातल्या आंब्याची दुकानं मोबाइलवर उघडायला लागतात. बहुतेकांचा पहिला पडदा एकसारखा असतो. ड्रोनने टिपलेली बाग, आपोआप सरकणारी पाच मोठी चित्रं, म्हणजे स्लायडर, आणि ‘पिढ्यानपिढ्यांचा वारसा’ असं एक वाक्य. मग खालून चॅटची खिडकी वर येते, वरून ‘तुम्हाला सूचना पाठवू का?’ अशी चौकट उतरते आणि मधोमध ‘दहा टक्के सवलतीसाठी ई-मेल द्या’ असं फर्मान येऊन बसतं. हे सगळं बोटाने हटवत गिऱ्हाईक आत शिरतं आणि डझनाचा भाव शोधायला लागतं. तो तीन पानं पलीकडे असतो. काही ठिकाणी तिथेही नसतो, ‘किमतीसाठी संपर्क करा’ एवढंच असतं.

हा अन्याय आहे आणि तो दोघांवर आहे. अवकाळी पाऊस, तुडतुडे आणि फवारणीचा खर्च सोसून फळ काढणाऱ्यावर, आणि नागपुरात बसून त्याला थेट पैसे द्यायला तयार असलेल्या माणसावर. मधला दलाल टाळायचा म्हणून दोघं इंटरनेटवर आले. आता त्यांच्या मध्ये स्लायडर उभा आहे.

आंबा घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. देवगडचा की रत्नागिरीचा? फळ किती ग्रॅमचं? पेटीत किती डझन? कच्चा येणार की पिकायला लागलेला? माझ्या पिनकोडला कोणत्या तारखेला पोचणार? दोन फळं नासकी निघाली तर? या प्रश्नांची उत्तरं पहिल्या पडद्यावर मावतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. तुम्ही त्या मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तुमचा नोंदणी क्रमांक ड्रोनच्या व्हिडिओपेक्षा मोलाचा आहे. तो वर लिहा, व्हिडिओ खाली न्या.

स्लायडरबद्दल माझं मत माझ्या आवडीनिवडीतून आलेलं नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर २०१३ मध्ये हे मोजलं गेलं. मुखपृष्ठावरच्या सरकत्या चित्रांवर क्लिक करणारे निघाले सुमारे एक टक्का, आणि त्यातल्याही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं. उरलेली चित्रं पान जड करत राहिली. एवढ्या वर्षांनंतरही आपल्याकडे वेबसाइट करून देणारा पहिली गोष्ट विचारतो ती ही: ‘बॅनरसाठी पाच फोटो द्या.’ देऊ नका. एक द्या, पण चांगला द्या.

आमच्या दुकानदारांचा पैसा चुकीच्या जागी जातो, हे मला या आठवड्यात सांगायचं आहे. विक्री होत नाही म्हटलं की नवी थीम विकत घेतली जाते, नवा लोगो होतो, रंग बदलतात. विक्री का होत नाही हे मात्र कुणी तपासत नाही. तपासायची साधनं आहेत, उत्तम आहेत आणि त्यातली कामाची जवळपास सगळी फुकट आहेत.

पहिलं साधन गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स. आपल्या दुकानाचा पत्ता तिथे टाकायचा आणि मिनिटभर थांबायचं. ते तीन गोष्टी बघतं. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, म्हणजे बहुधा तुमचा मुख्य फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद दिला पाहिजे. ही कसोटी मार्च २०२४ पासून आली, त्याआधीची तिच्यापेक्षा सैल होती. आणि पान उघडत असताना मजकुराने जागा सोडता कामा नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. ही तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण ‘रद्द करा’ दाबायला जावं, तेवढ्यात वरून एक पट्टी घुसावी आणि बोट ‘पैसे भरा’वर पडावं, हा प्रकार तिच्यामुळे होतो. उपाय साधा आहे. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये आधी लिहून ठेवायची, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो.

तुमची वेबसाइट करणारा तुम्हाला शंभरपैकी ९५ दाखवील. तो आकडा डेस्कटॉपचा असेल. त्याच पानावर मोबाइलची वेगळी खिडकी आहे, ती उघडून दाखव म्हणून सांगा. तुमचं गिऱ्हाईक एसटीत बसलेलं आहे आणि घाटात रेंज येते-जाते. त्याच्यासाठी तो डेस्कटॉपचा आकडा निरुपयोगी आहे.

पान जड होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कॅमेऱ्यातून निघालेला चार-पाच मेगाबाइटचा फोटो तसाच्या तसा चढवलेला असतो. स्क्वूश नावाचं गूगलच्या क्रोम मंडळींनी केलेलं साधन ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर पाठवत नाही. फोटोची रुंदी हजार-बाराशे पिक्सेलवर आणायची, वेबपी प्रकारात साठवायचा, की तोच फोटो बहुतेक वेळा दीडदोनशे किलोबाइटमध्ये बसतो आणि फोनच्या पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही. वीस वस्तूंच्या दुकानाला एका दुपारचं काम. हे काम न करता महागडं होस्टिंग घेणाऱ्यांना माझा सवाल आहे: ते होस्टिंग तुम्हाला कुणी विकलं आणि त्याने आधी फोटो का पाहिले नाहीत?

थीमचंही तसंच. शॉपिफायवर ‘डॉन’ आणि वूकॉमर्सवर ‘स्टोअरफ्रंट’ या थीम फुकट मिळतात. दोन्ही साध्या आहेत, म्हणून हलक्या आहेत. पन्नास नमुने आणि शंभर हालचाली असलेली विकतची थीम घेऊन त्यातल्या चार गोष्टी वापरायच्या आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींचा भार गिऱ्हाइकाच्या डेटावर टाकायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

फोटोंचं वजन कमी करा म्हटलं म्हणजे फोटो कमी करा असं नाही. उलट आहे. येवल्याची हातमागावरची पैठणी विकणाऱ्या दुकानात पदराच्या उलट्या बाजूचा फोटो नसतो, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. हातविणीच्या पदराची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते आणि यंत्रावरच्या साडीच्या मागे धागे लोंबतात, हे जाणकार बाई दुकानात साडी उलटवून बघते. फोनवर तिला साडी उलटवता येत नाही. तुम्ही उलटवून दाखवा. काठाचा जवळून फोटो द्या, साडी नेसलेल्या बाईचा द्या, दिवसाच्या उजेडातला द्या. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कच्या चिठ्ठीचाही फोटो द्या. मॉडेल किल्ल्याच्या बुरुजावर उभी असल्याने साडी अस्सल ठरत नाही.

कोल्हापुरी चपलांच्या दुकानात तर मापाचाच घोळ. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. अशा वेळी कुतूहलाने एखादा माणूस खऱ्या कारागिराचं दुकान उघडतो आणि तिथे ६, ७, ८, ९ एवढंच दिसतं. हे भारतीय माप की अमेरिकी? चामडं पुढे सैल होतं का? पाय रुंद असेल तर एक नंबर मोठा घ्यावा का? पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये देणारा तक्ता, आणि कागदावर पाय ठेवून पेन्सिलने रेघ कशी मारायची हे दाखवणारं एक चित्र, एवढ्याने परत येणाऱ्या चपला कमी होतील. परतीच्या कुरियरचा खर्च कारागिराच्या मजुरीतून जातो, हे विसरू नका.

आता अक्षरांकडे. मराठीत दुकान थाटणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे, म्हणून त्यांच्या पानांवरची अक्षरांची दुर्दशा सहन होत नाही. पांढऱ्यावर फिकट सोनेरी आणि क्रीमवर राखाडी अक्षरं ‘राजेशाही’ दिसावीत म्हणून निवडलेली असतात. भर उन्हात ती दिसतच नाहीत. वेब सुलभतेची जगभर मानली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा विरोध किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. वेबएम या संस्थेच्या तपासनीस पानावर दोन रंगांचे क्रमांक टाकले की उत्तर लगेच मिळतं.

देवनागरीचं आणखी एक दुखणं आहे. इंग्रजीसाठी घडवलेल्या थीममध्ये मथळ्यांच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. तेच आपल्या शब्दांना लागू झालं की शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि ‘मसाले’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अक्षरांचा ढीग दिसतो. ते अंतर शून्य करा. ओळींमधली जागा मात्र वाढवा, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना ती लागते. टंकांची आज टंचाई नाही. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’, तिरो टाइपवर्क्सचा ‘तिरो देवनागरी मराठी’, गूगलचा ‘नोटो’ हे सगळे गूगल फाँट्सवर मोफत आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केली की ज्या टंकांत सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, आणि फोनमधला वाचक-आवाजही मराठी उच्चार निवडतो. जुन्या डीटीपीच्या टंकातला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. आणि वस्तूचं नाव चित्रात रंगवून ठेवू नका. सर्च इंजिन ते वाचेलच, या भरवशावर राहू नका.

शोधाची चौकट हा तर दुर्लक्षाचा कळस. दुकानात ‘हापूस’ लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक ‘हापुस’ टाकतं, किंवा रोमन लिपीत टाकतं, किंवा ‘अल्फान्सो’ म्हणून शोधतं. उत्तर येतं: काही सापडलं नाही. माल समोर असताना दुकान नाही म्हणतं! प्रत्येक वस्तूला पर्यायी नावं जोडायची सोय शॉपिफाय आणि वूकॉमर्स या दोन्ही मोठ्या दुकान-प्रणालींत करता येते. काजू, कॅश्यू, गोडा मसाला, काळा मसाला, कोकम, आमसूल. लोकांनी काय शोधलं आणि काय सापडलं नाही, याची यादी महिन्यातून एकदा काढून बघा. गूगल सर्च कन्सोल हे फुकट साधन तर बाहेरून कोणते शब्द टाकून लोक तुमच्यापर्यंत आले, तेही सांगतं.

न दिसणाऱ्यांचं काय? प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक असतं, पडदा वाचून दाखवणारं. ते सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानातून एक वस्तू घ्यायचा प्रयत्न करा. ‘बटण. बटण. चित्र. आयएमजी दोन हजार सत्तेचाळीस.’ बहुतेक दुकानांत हेच ऐकू येतं, कारण चित्रांना वर्णन दिलेलं नाही आणि बटणांना नाव दिलेलं नाही. वेबएमचं ‘वेव्ह’ हे साधन या चुका पानावरच खुणा करून दाखवतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. तो खटला ई-केवायसीबद्दलचा होता, पण त्यातलं तत्त्व दुकानदाराने ऐकलं तर त्याचंच भलं आहे. मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही पणतीच्या बारशाला भेट पाठवायची असते.

पैसे भरण्याच्या पानाकडे येतो. ई-दुकानांच्या वापराचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारी डेन्मार्कची बेमार्ड ही संस्था अनेक पाहण्यांची सरासरी काढून सांगते की भरलेल्या टोपल्यांपैकी सुमारे ७० टक्के टोपल्या पैसे न भरताच सोडून दिल्या जातात. सगळेच काही घ्यायला आलेले नसतात, हे खरं. पण जे घ्यायला आलेले असतात त्यांना पळवून लावणारी कारणंही तिने नोंदवली आहेत. शेवटी वाढणारा खर्च आणि खातं उघडण्याची सक्ती ही त्यात ठळक आहेत. दोन्ही दुकानदाराच्या हातातली.

एक डझन आंबे घ्यायला मला तुमच्याकडे खातं कशाला हवं? पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह कशाला? पिनकोडच्या चौकटीवर बोट ठेवल्यावर अक्षरांचा कळफलक का उघडतो, आकड्यांचा का नाही? एका ओळीच्या कोडचं काम आहे ते. आणि पिनकोड दिल्यावर गाव, जिल्हा, राज्य पुन्हा का विचारता? सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी संस्कृत पंडित. त्या सहा आकड्यांत विभाग, उपविभाग, जिल्हा ते टपाल कार्यालय एवढं सगळं बसवून त्यांनी काम सोपं करून ठेवलं. त्याचा उपयोग करा. ‘आडनाव अनिवार्य’ काढा, त्याजागी ‘जवळची खूण’ द्या. डिलिव्हरीवाला मारुतीच्या देवळावरून घर ओळखतो, ‘पत्ता ओळ दोन’वरून नाही.

आणखी एक. कॅलिफोर्नियातली मुलगी पुण्यातल्या आईला पेटी पाठवते. पैसे भरणारी एक, घेणारी दुसरी. दोघींचे फोन वेगळे. ओटीपी आणि निरोप कुणाला जायचे? बऱ्याच दुकानांत एकच फोनची चौकट असते, तीही दहा आकड्यांची, त्यामुळे परदेशातला क्रमांक घेतच नाही. परगावी राहणाऱ्या मुलांकडून येणारी ही मागणी मोठी आहे आणि तिच्यासाठी फक्त दोन जास्तीच्या चौकटी लागतात.

आता ज्याचा मला खरोखर राग येतो, त्या गोष्टीकडे. ‘ही सवलत ०९:५९ मिनिटांत संपणार’ असं घड्याळ पानावर धावत असतं. पान पुन्हा उघडा, घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवरून सुरू. ‘फक्त ३ नग शिल्लक’ हे तीन नग महिनाभर तीनच राहतात. ‘सोलापूरहून एका ग्राहकाने आत्ताच खरेदी केली’ असं कोपऱ्यात उगवतं, आणि तो ग्राहक जन्माला आलेलाच नसतो. नावं आणि गावं एका यादीतून आळीपाळीने उचलली जातात. ही सगळी ‘विक्री वाढवणारी साधनं’ म्हणून ॲपच्या बाजारात मिळतात आणि आमचे सल्लागार ती बसवून वर फी घेतात. हे खोटं बोलणं आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये असल्या रचनांना डार्क पॅटर्न असं नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई त्यात आहे. टोपलीत न विचारता विमा किंवा देणगी टाकणं आहे. किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं आहे: वस्तू ४९९, मग पॅकिंग, मग हाताळणी, मग ‘सुविधा शुल्क’. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण ठेवून नकार देणाऱ्याला लाजवणंही आहे. सभासदत्व एका बोटाने देणं आणि रद्द करायला सात पानं फिरवणं हे तर आहेच. हे नियम विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. ‘ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं’ ही सबब चालणार नाही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून हे प्रकार काढून टाकायला सांगितलं. आधीच खूण केलेली चौकट तर त्याही आधी, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी संमती म्हणून अमान्य केली आहे. तरीही ती दिसते. आजही दिसते.

हापूसच्या दुकानाला खोट्या घाईची गरजच काय? हंगामच तुमच्यासाठी घाई करतो. पावसाळा लागला की फळ संपतं. ‘या गुरुवारच्या गाडीत २० पेट्यांची जागा आहे’ हे खरं असेल तर खुशाल ठळक लिहा, आणि पेटी गेली की आकडा खाली आणा. दुकानाच्या प्रणालीत मालाची नोंद नीट ठेवली तर ते आपोआप होतं.

अभिप्रायांचंही तेच. स्वतःच गिऱ्हाईक बनून पाच तारे देणं २०२० च्या नियमांत बसत नाही. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते वाचायचा कंटाळा असेल तर एवढं तरी करा: तीन तारेवाला अभिप्राय काढून टाकू नका, त्याखाली उत्तर लिहा. ‘तुमच्या पेटीतली चार फळं दबली होती, आम्ही पुढच्या खेपेपासून गवताचा थर वाढवला’ हे वाचून माझ्यासारखा माणूस तिथे ऑर्डर देतो.

कायद्याने जे लिहायचं आहे ते तळाशी मुंगीच्या अक्षरात का असतं, हेही मला कळत नाही. दुकानाचं अधिकृत नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक, तक्रार अधिकाऱ्याचं नाव. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. सगळे कर धरून एकूण किंमत. मूळ देश. डबाबंद वस्तूंवर निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत. लोणची-मसाले असतील तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. ही माहिती बघून माणूस पैसे द्यायला धजावतो. ती फोटोशेजारी मोठ्या अक्षरांत यायला हवी. आणि अटी-शर्ती दुसऱ्या दुकानावरून उचलू नका. परताव्याचं पान मराठीत, पाच वाक्यांत, तुमच्या हाताने लिहा: काय परत घेतो, किती दिवसांत, कुरियरचा खर्च कोण देणार, पैसे कधी मिळणार, फोन कुणाला करायचा.

गिऱ्हाईक नेमकं कुठे अडतं हे बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी हे फुकट साधन आहे. लोक कुठे बोट ठेवतात, कुठे वैतागून एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकतात, कुठून परत फिरतात हे ते नकाशासारखं दाखवतं, आणि भेटीचं चित्रणही ठेवतं. ते लावलंत तर गोपनीयतेच्या पानावर सरळ सांगा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, आणि सांगण्यात कमीपणा काही नाही.

पण याहून चांगला मार्ग माणसांचा. याकोब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० मध्ये मांडलं की पाच माणसांना वेबसाइट वापरताना बघितलं तर तिच्यातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. म्हणून पाच माणसं गाठा. शेजारच्या काकू, कॉलेजातला भाचा, सोसायटीचा वॉचमन, निवृत्त शिक्षक, कधीच ऑनलाइन खरेदी न केलेली मावशी. त्यांच्याच फोनवर दुकान उघडून द्या आणि म्हणा, ‘दोन डझन आंबे तुमच्या बहिणीच्या पत्त्यावर मागवून दाखवा.’ मग गप्प बसा. ‘खाली बघा ना’ म्हणायची ऊर्मी आवरा. काकू जिथे थांबल्या तिथे बटण चुकलेलं आहे, काकू नाही. त्या क्षणी वही काढा आणि लिहून ठेवा. सल्लागाराच्या चाळीस पानी अहवालापेक्षा मी या वहीवर विश्वास ठेवीन.

जाता जाता एक इशारा, कारण यात लोक फार वाईट अडकतात. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? होस्टिंगचं बिल कुणाच्या ई-मेलवर येतं? दुकानाचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे? वेबसाइट करून देणाऱ्याने सगळं स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं आणि भांडण झालं की वर्षानुवर्षं जमवलेलं दुकान एका रात्रीत हातातून जातं. बचत गटांच्या आणि लहान कारागिरांच्या बाबतीत हे सर्रास घडतं, कारण त्यांना विचारायचं काय हेच कुणी सांगितलेलं नसतं. आज विचारा. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर, तुमच्या कार्डावर. करार करताना पहिल्या ओळीत हे लिहून घ्या आणि दुसऱ्या ओळीत पेजस्पीडचा मोबाइलवरचा आकडा किती असेल तेही लिहून घ्या.

दुकानदारांनो, या रविवारी घरचं वायफाय बंद करा, घरातला सगळ्यात जुना फोन घ्या आणि आपल्याच दुकानातून खरे पैसे भरून एक वस्तू मागवा. अडलात तिथलं आधी दुरुस्त करा, रंगांचं नंतर बघू. आणि गिऱ्हाइकांनो, पान पुन्हा उघडल्यावर पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ दिसलं तर दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा. क्रमांक १९१५.